सही उर्दूत, कागद मराठीत

असरची नमाज झाली होती आणि मी नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडत होते. दारात एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, आधारकार्ड आणि वकिलांनी दिलेल्या झेरॉक्सचा जाडजूड संच. "आपा, जरा पढ के बताव, इसमें क्या लिख्या है?" एवढेच म्हणाली आणि संच माझ्यापुढे ठेवला.

मोहल्ल्यातले मराठी कागद बहुधा माझ्याकडेच येतात. बँकेची नोटीस, घरपट्टीची पावती, शिष्यवृत्तीचा फॉर्म. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी म्हटल्यावर लोक हक्काने येतात आणि मलाही ते आवडते. पण हे कागद दोषारोपपत्राचे होते. पहिल्याच पानावर कायद्याचे लांबलचक नाव होते: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. ज्याला आपण सगळे 'एनडीपीएस' म्हणतो तोच.

हकीकत थोडक्यात अशी. एकोणीस वर्षांचा हा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. एका संध्याकाळी मित्राबरोबर बसस्थानकासमोर मोटारसायकलवर बसलेला असताना पोलिसांची गाडी थांबली. दोघांच्या खिशांतून गांजाच्या पुड्या निघाल्या, असे पंचनामा म्हणतो. मुलगा म्हणतो की पुडी एकच होती आणि ती मित्राच्या खिशात होती. खरे काय ते अल्लाह जाणे. मी तिथे नव्हते. अकरा दिवसांनी जामीन झाला, तोवर दुकानातली नोकरी गेली होती.

पाने उलटता उलटता मी एका अर्ध्या पानाशी थांबले. वर दोघांची नावे होती आणि खाली टंकलिखित मजकूर होता. आम्हास आमच्या हक्काची समज देण्यात आली, आम्हास राजपत्रित अधिकारी अथवा दंडाधिकारी यांची आवश्यकता नाही, आमची झडती आपण घेण्यास हरकत नाही, वाचून पाहिले, बरोबर आहे. त्याखाली एकच सही होती. ती उर्दूत होती. ती सही मी ओळखली, कारण पाचवीत असताना नावातला 'ऐन' नीट काढायला मीच त्याला शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून विचारले, "बेटा, राजपत्रित अधिकारी म्हणजे कोण, माहीत होते?" तो म्हणाला, "आपा, मुझे लगा बडा साहेब. वो आयेगा तो और मारेगा."

हा लेख त्या अर्ध्या पानाबद्दल आहे. आपल्या घरांतल्या मुलांवर या कायद्याखाली कधी वेळ आली, तर वकील, कोर्ट, जामीन हे सगळे नंतरचे. खटल्याचा मोठा भाग त्या अर्ध्या पानावर, रस्त्याच्या कडेला, पाच मिनिटांत ठरून गेलेला असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. नशा विकणाऱ्यांबद्दल माझ्या मनात तसूभर सहानुभूती नाही. 'एमडी' नावाची पावडर, म्हणजे मेफेड्रोन, शहरांतून तालुक्यापर्यंत आली आहे आणि ती कोणत्या घरात शिरेल हे कोणालाच सांगता येत नाही. पोलिसांनी विक्रेते पकडलेच पाहिजेत. पण कायदा जितका कडक, तितका तो कोणाच्या खिशात हात घालताना सांभाळून वापरला पाहिजे. हे मी माझे मत म्हणून सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याबद्दल पुन्हा पुन्हा हेच सांगितले आहे.

कायदा किती कडक आहे, ते आईवडिलांना बहुधा अटकेनंतरच कळते. शिक्षा पदार्थाच्या वजनावर ठरते. गांजा १ किलोपेक्षा कमी 'अल्प प्रमाण' आणि २० किलोपेक्षा जास्त 'व्यापारी प्रमाण'. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. आणि मेफेड्रोन फक्त २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प प्रमाणातल्या गांजासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाण झाले की किमान दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस, आणि एक लाखाच्या खाली दंड नाही. तिथे जामीनही जवळजवळ बंद असतो, कारण आरोपी निर्दोष असावा असे मानायला वाजवी कारण आहे, याची खात्री न्यायाधीशांना जामिनाच्या वेळीच पटावी लागते. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पुडीतल्या भेसळीसकट सगळे वजन धरायचे. म्हणजे ५० ग्रॅमच्या पाकिटात खरे मेफेड्रोन चमचाभर असले, तरी कायद्याच्या लेखी ते ५० ग्रॅमच.

आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पुराव्याचा भार. इतर गुन्ह्यांत सरकारने सगळे सिद्ध करायचे असते. इथे माल तुमच्या ताब्यात मिळाला हे एकदा सिद्ध झाले की तो तिथे कसा आला, तुम्हाला माहीत होते की नव्हते, याचे समाधानकारक उत्तर तुम्हीच द्यायचे. म्हणून खिशातून काय निघाले, कोणासमोर निघाले आणि कसे निघाले, यावर सगळा डोलारा उभा असतो.

संसदेने हे ओळखून कायद्यातच एक कुलूप बसवले. ते म्हणजे कलम ५०. या कायद्याखाली तुमची अंगझडती घ्यायची असेल तर झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याने तुम्हाला आधी सांगायचे, की जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर, म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोर, झडती व्हावी अशी मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुम्ही तशी मागणी केली तर विनाकारण उशीर न करता तुम्हाला तिथे न्यायचे. आणि त्या अधिकाऱ्याला किंवा मॅजिस्ट्रेटला झडतीचे वाजवी कारणच दिसले नाही, तर त्याने तुम्हाला तिथल्या तिथे सोडून द्यायचे. हा शेवटचा भाग मी स्वतः वाचेपर्यंत मलाही ठाऊक नव्हता. तो साहेब नुसता बघायला बोलावलेला नसतो. झडती थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो.

राजपत्रित म्हणजे ज्याची नेमणूक सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध होते असा अधिकारी. तो पोलीस खात्याचाच असावा असे नाही. महसूल, उत्पादन शुल्क, सीमाशुल्क अशा खात्यांतलाही चालतो. पोलीस उपअधीक्षक राजपत्रित, तहसीलदारही राजपत्रित.

आता प्रश्न असा की अधिकाऱ्याने सांगितलेच नाही तर? यावर बरीच वर्षे कोर्टांत वेगवेगळी मते होती. १९९९ मध्ये पंजाबमधून गेलेल्या बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की हा हक्क सांगणे पोलिसांचे कर्तव्य आहे. सांगितला नसेल आणि शिक्षा फक्त त्या अंगझडतीत मिळालेल्या मालावर टेकली असेल, तर ती शिक्षा टिकत नाही. तोंडी सांगितले तरी चालते, लेखीच पाहिजे असे नाही. पण सांगितले पाहिजे. तरीही 'थोडेफार पाळले, तेवढे पुरे' अशी पळवाट निघू लागली. मग २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा खटल्यात पुन्हा पाच न्यायाधीश बसले आणि त्यांनी ती पळवाट बंद केली. कलम काटेकोर पाळायचे, आणि नुसते 'साहेबासमोर झडती द्यायची का?' असे विचारून भागणार नाही. तो तुमचा हक्क आहे, हे माणसाला कळले पाहिजे. शक्यतो मॅजिस्ट्रेटकडेच न्यावे, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल, असेही त्या निकालात आहे.

'विचारणे' आणि 'हक्क आहे असे सांगणे' यांतला फरक बारीक वाटेल, पण भाषेच्या शिक्षकाला तो दिसतो. "पाणी हवे का?" याचे उत्तर आपली मुले अदबीने "नको" असेच देतात, तहान लागली असली तरी. गणवेशातल्या माणसाने विचारले तर हमखास देतात.

त्या अर्ध्या पानाकडे परत येते. दोघांना मिळून एकच कागद आणि त्यावर एकाची सही. मला वाटले, असेल काही पद्धत. वकिलांनी मात्र बोट नेमके तिथेच ठेवले. २०१४ मध्ये राजस्थानातून गेलेल्या परमानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच कागद होता. दोन आरोपी, एकत्र सूचना, आणि एकाने स्वतःसाठी व दुसऱ्यासाठी मिळून केलेली सही. न्यायालय म्हणाले की हा हक्क प्रत्येकाचा वेगळा आहे, तो प्रत्येकाला वेगळा सांगितला पाहिजे. त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट होती. आरोपींना तिसरा पर्याय दिला गेला होता, की आमच्याबरोबरच आलेल्या साहेबांसमोर झडती देता का? छाप्याच्या पथकातलाच माणूस स्वतंत्र साक्षीदार कसा होईल? न्यायालयाने तो पर्यायही चुकीचा ठरवला आणि सुटका कायम ठेवली.

मग आमच्या मुलाचे काम झाले म्हणायचे का? नाही. खटला चालू आहे आणि निकालापूर्वी कोणी काही सांगू शकत नाही. मी त्याच्या अम्मीलाही हेच सांगितले.

या कलमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मुले भलत्या भरवशावर राहतील. कलम ५० फक्त अंगझडतीला लागू आहे. अंगावरचे कपडे, खिसे, बूट वगैरे. पाठीवरची सॅक, हातातली पिशवी, मोटारसायकलची डिकी, घरातले कपाट यांना ते लागू नाही. २००५ मध्ये पवनकुमार खटल्यात तीन न्यायाधीशांनी हे सांगितले आणि २०२३ मध्ये ते पुन्हा पक्के झाले. कायदा तसा आहे, पण मला तो पटत नाही. आजची मुले सॅक पाठीवरून उतरवतात कधी? पुडी खिशात टाकणे जेवढे सोपे, तेवढेच ती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकणे सोपे. आणि तरीही एकाला कुलूप आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून मुलांना सांगणे एवढेच हातात आहे, की दुसऱ्याची पिशवी "जरा धर" म्हणून कोणी दिली तर धरू नका. दोस्ती तुटली तरी चालेल.

दुसरी मर्यादा म्हणजे घाई. माल हातोहात पळवला जाईल असे मानायला कारण असेल, तर अधिकारी तुम्हाला कोणाकडेही न नेता झडती घेऊ शकतो. पण त्याने ते कारण लिहून ठेवायचे आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठाला त्याची प्रत पाठवायची. ही तरतूद २००१ च्या दुरुस्तीने आली.

काही जण म्हणतील, "आपा, असल्या तांत्रिक मुद्द्यांवर खरे गुन्हेगारही सुटतात." हो, सुटतात. मलाही ते खटकते. खरा विक्रेता अशा कारणाने बाहेर आला आणि पुन्हा शाळेच्या भिंतीशी उभा राहिला, तर संताप येणारच. पण तो सुटला ते दोन ओळी न वाचणाऱ्या अधिकाऱ्यामुळे. "तुला हा हक्क आहे" हे सांगायला अर्धा मिनिट लागतो.

घरावरच्या छाप्याबद्दल आता. आमच्या मोहल्ल्यात याचीच धास्ती जास्त असते, कारण घरात बायका असतात, म्हातारी माणसे असतात. वॉरंट नसताना घरात शिरायचे तर कलम ४२ लागते. येणारा अधिकारी कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा आणि सरकारने अधिकार दिलेला पाहिजे. मिळालेली खबर त्याने लिहून घेतलेली असली पाहिजे आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे गेली पाहिजे. सूर्य मावळल्यानंतर आणि उगवण्यापूर्वी यायचे असेल, तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस निसटेल असे का वाटते, तेही लिहून ठेवायचे. २००९ मध्ये करनैल सिंग खटल्यात घटनापीठाने सांगितले, की घाईच्या वेळी लिहिणे थोडे उशिरा झाले तर ते समजून घेता येईल, पण मुळीच लिहिले नाही तर खपवून घेतले जाणार नाही. रस्ता, बसस्थानक, हॉटेल अशा सार्वजनिक जागी हे लिहिण्याचे बंधन नाही. तिथे कलम ४३ चालते.

दार उघडल्यावर काय? घरच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क आहे. "सगळे बाहेर जा" म्हटले तरी घरातल्या एकाने अदबीने सांगावे, की मी इथेच उभा राहतो. काय काय घेतले त्याची यादी त्यांनी तयार करायची आणि तिची प्रत घरच्यांना द्यायची. ज्या खोलीत रिवाजाप्रमाणे परपुरुषांसमोर न येणारी स्त्री राहत असेल, तिथे शिरण्यापूर्वी तिला बाजूला होण्याची सूचना देऊन तशी सोय करून द्यायची, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आणि स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीनेच घ्यायची. यात अपवाद नाही. समोर कितीही मोठा राजपत्रित साहेब असो, हात स्त्रीचाच लागला पाहिजे.

नव्या संहितेत आणखी एक मोठी गोष्ट आली आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे, मोबाइलवर केले तरी चालेल. यादी तयार करणे आणि साक्षीदारांच्या सह्या हेही त्यात यायला हवे. ते चित्रीकरण उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे. त्यामुळे दार उघडल्यावर शांतपणे विचारता येते, "साहेब, रेकॉर्डिंग सुरू आहे ना?" यात उद्धटपणा काही नाही.

चित्रीकरण कशासाठी, ते त्याच वर्षी मुंबईने पाहिले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस कालिना भागात एका तरुणाची झडती घेताना त्याच्याच खिशात काहीतरी टाकले जात असल्याचे सीसीटीव्हीत दिसले आणि चार पोलीस निलंबित झाले. तो कॅमेरा तिथे नसता तर त्या तरुणाचे पंचनाम्यात काय झाले असते, याचा विचार करा. सगळे पोलीस असे नसतात. माझ्या वर्गात पोलिसांची मुले आहेत, त्यांचे वडील चोवीस चोवीस तास ड्युटी करतात. पण कायदा चांगल्या माणसाच्या भरवशावर लिहीत नाहीत.

पंचांबद्दल थोडे कडवट लिहिणार आहे, वाचकांनी माफ करावे. घराच्या झडतीला त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून घ्यावेत असे कायदा म्हणतो. आणि आपण काय करतो? गाडी दिसली की खिडक्या लावून घेतो. "कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार?" मग बाहेरचे पंच येतात. काही तर प्रत्येक पंचनाम्यात दिसणारे नेहमीचे. २०२१ च्या मुंबईतल्या त्या गाजलेल्या क्रूझ प्रकरणातही पंच कोण होते यावरच किती गदारोळ झाला, ते आपण टीव्हीवर पाहिले. नंतर मे २०२२ मध्ये आलेल्या दोषारोपपत्रात त्या सिनेनटाच्या मुलाचे नावच नव्हते. पण मधले जवळजवळ चार आठवडे तो कोठडीत होता. ज्याच्यामागे देशातले मोठे वकील उभे होते, त्याची ही गोष्ट. शेजारच्या घरातून खरोखर माल निघाला तर तसे सांगायचे, नाही निघाला तर तसे सांगायचे. गवाही याहून वेगळी काय असते? लेखी आदेश देऊन बोलावले असताना सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणे हा गुन्हाही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

आणि मोहल्ल्यातल्या भांडणांवरून 'खबर' देणाऱ्यांसाठी एक सूचना. जागेच्या, नळाच्या वादातून कोणी जाणूनबुजून खोटी खबर दिली आणि त्यावरून झडती किंवा अटक झाली, तर कलम ५८ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमात वाजवी कारणाशिवाय, केवळ छळण्यासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड सांगितला आहे. दंडाची रक्कम एक हजार रुपयांपर्यंत. एवढ्या कडक कायद्यात ही रक्कम वाचून हसावे की रडावे कळत नाही.

अटक झालीच तर काय, ते घाईने सांगते, कारण घरातले लोक त्या वेळी भांबावलेले असतात. अटकेची कारणे सांगणे आधीपासूनच बंधनकारक होते. २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ती लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. घरच्या एका माणसाला कळवायचे. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचे. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा समितीकडे जावे. कोठडीतल्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक १५१०० लक्षात ठेवायला सोपा आहे. कोठडीत लिहून घेतलेल्या कबुलीजबाबाने घाबरून जाऊ नका. २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की या कायद्याखाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. जप्त मालाचे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात, तेव्हा ते तसे काढले का, हे वकिलांना जरूर विचारा. मुलगा अठराच्या खालचा असेल तर वयाचा दाखला घेऊन धावत जा, कारण त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते.

आणि घरातलाच मुलगा खरोखर नशा करत असेल तर? मग वरचे सगळे वाचून तो लपवण्याची युक्ती शोधू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रे १९८६ पासून हेच काम करत आहेत. कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपातून संरक्षण मिळू शकते, उपचार पूर्ण केले तर. शरमेपोटी आपण हा दरवाजा वापरत नाही.

मुलांना मी काय सांगते? पळू नका. हातातले काही फेकू नका, पोलिसाचा हात झटकू नका. आवाज न चढवता एवढेच म्हणा, "साहेब, माझी झडती मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घ्या." समोर कागद आला तर वाचा. वाचता येत नसेल तर तसे म्हणा. उर्दूत सही करत असाल तर सहीच्या वर उर्दूतच लिहा, की हे मला वाचून दाखवले नाही, किंवा वाचून दाखवले. जे खरे असेल ते. दबावाखाली, रात्रीच्या वेळी, एकोणीस वर्षांच्या पोराला हे सुचेल का? मला खात्री नाही. एकदा कानावरून गेले असेल तर कदाचित सुचेल.

म्हणून गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात मी उपयोजित लेखनाच्या तासाला एक प्रयोग केला. नावे काढून टाकून त्या अर्ध्या पानाचा मजकूर फळ्यावर लिहिला आणि सांगितले, याचा अर्थ उर्दूत लिहा. बत्तीस मुलांपैकी तेवीस जणांनी 'राजपत्रित' हा शब्द तसाच सोडून दिला. एकाने 'राजाचे पत्र आणणारा' असे लिहिले. 'आवश्यकता नाही' याचा अर्थ मात्र सगळ्यांना बरोबर आला.

मी राजपत्रित कोणकोण असतात ते सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "आपा, मग आपले तहसीलदार साहेब पण राजपत्रित?"

"हो."

"पण त्यांची कचेरी तर बसस्थानकाच्या समोरच आहे."